मोटारीचा हिवताप

हिवतापाच्या रोग्याबाबत जुन्या डॉक्टरांची एक अडचण असे. रोग्याला हुडहुडी भरून ताप चढलेला असे तेव्हा दवाखाना दूर असे. आणि बैलगाडीत घालून त्याला दवाखान्यात आणावे, तो घाम फुटून ताप उतरलेला, अंग गार, रोगी उठून बसलेला. नाडी पाहावी तर ठीक, जीभ पाहावी तर स्वच्छ. ताप नसताना ताप शोधावयाचा कसा, हा त्यांचा प्रश्न. जुन्या मोटारीच्या विजेच्या व्यवस्थेत नेमका असाच एक विकार उद्भवतो. गाडी चालता चालता एकाएकी निष्प्राण होते. दिवे जातात, भोंगा वाजत नाही, इंजिन बंद पडते. पाचदहा मिनिटांनी किल्ली फिरवावी तर सारे पूर्ववत. मिस्त्रीच्या दारात उभी करावी तर ती अशी शहाण्यासारखी वागते की मालकाच्याच बोलण्याचा संशय यावा. या विकाराचे निदान कसे करावे, याविषयी आज मला काही सांगावयाचे आहे.

जो दोष कायमचा असतो तो शोधण्यात फारसे कौशल्य लागत नाही. तार तुटली, ती तुटलेलीच राहिली, तर दिवा हाती घेऊन तारेच्या मागोमाग जावे, कोठे ना कोठे तुटका तुकडा सापडतोच. परंतु जो दोष येतो आणि जातो, त्याचा शोध घेणे म्हणजे केवळ जागा शोधणे नव्हे, वेळही शोधणे होय. माझ्या पाहण्यातील बहुतेक मालकांचे आणि कित्येक मिस्त्र्यांचे पैसे व श्रम वाया जातात ते जागा चुकल्यामुळे नव्हे, वेळ चुकल्यामुळे. हे मी अधिकाराने सांगू शकतो, कारण वाया घालविणाऱ्यांत मीही एक होतो.

१९९६ सालच्या ऑक्टोबरात, परतीच्या पावसात, आम्ही महाडहून वरंधा घाटाने भोरकडे निघालो होतो. महाड हे आईचे माहेर. वर्षातून एकदा तिला तेथे नेऊन आणण्याचा आमचा परिपाठ होता. गाडी १९७४ सालची, ब्रिटिश वळणाची. तिची बनावट सांगत नाही. बावीस वर्षांच्या वापराने आणि मधल्या दोन मालकांच्या हस्तकौशल्याने आलेला दोष कारखान्याच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. निघायला उशीर झाला आणि घाटाच्या पायथ्याशीच अंधार पडला. पाऊस होता म्हणून वायपर चालू, अंधार होता म्हणून मोठे दिवे चालू, आणि चढ होता म्हणून गाडी दुसऱ्या गिअरमध्ये. थोड्या वेळाने मला वाटले की दिवे पिवळे पडले आहेत. मी ते पावसाच्या पडद्यावर घातले. मग एक वास आला. इस्पितळात पूर्वी कार्बोलिकचा येत असे तसा, परंतु जळका. तो मी पुढे गेलेल्या एखाद्या ट्रकच्या ब्रेकचा समजलो. आणि एका वळणावर सगळे एकदम गेले. इंजिन थांबले, काचेवरचे वायपर अर्ध्या वाटेत थिजले, आणि समोरचा रस्ता डोळ्यांपुढून कोणी पुसून टाकावा तसा नाहीसा झाला.

मागच्या आसनावरून आई एवढेच म्हणाली, “अरे, दिवे का घालवलेस?”

ब्रेक तेवढा विजेवर अवलंबून नव्हता म्हणून गाडी उभी राहिली. धाकटा भाऊ हातात विजेरी घेऊन पावसात पुढे धावला, कारण वरून एक ट्रक उतरत असल्याचा आवाज येत होता आणि आम्ही वळणावर, काळोखात, पूर्ण अदृश्य होतो. ट्रकवाल्याने विजेरी पाहिली, आणि तो आमच्यापासून पंचवीस-तीस हातांवर थांबला. त्याने उतरून आमच्या चाकामागे धोंडा लावून दिला, आपले दिवे आमच्यावर रोखून धरले आणि म्हणाला, “घाबरू नका, थोडं थांबून बघा.” दहा-बारा मिनिटांनी मी किल्ली फिरविली. दिवे लागले, वायपर अर्ध्यावरून पुढे सरकला, इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झाले. वायपर बंद ठेवून आणि काच खाली करून डोके बाहेर काढीत मी भोर गाठले. वाटेत काही झाले नाही. का झाले नाही, हे मला पुढे तीन महिन्यांनी कळले.

दुसऱ्या दिवसापासून उपचार सुरू झाले. पहिल्या कार्यशाळेत गाडी दिवसभर ठेवली; तिला काही झाले नाही. तरीही बॅटरी जुनी होती म्हणून ती बदलली. पंधरा दिवसांनी रात्री पुन्हा तोच प्रकार, या वेळी सुदैवाने गावात. मग इग्निशन कॉइल बदलली. मग किल्लीचा स्विच. मग डायनामोचे कार्बन ब्रश, आणि शेवटी सांगाड्याचा पट्टा. प्रत्येक वेळी गाडी दिवसा फिरवून पाहावी, ती उत्तम चालावी, पैसे द्यावेत आणि घरी यावे. जो भाग बदलला तोच दोषी होता, अशी प्रत्येक वेळी आमची आठवडा-दोन आठवडे खात्री असे. आईने मात्र निकाल देऊन टाकला होता: दिवस मावळल्यावर या गाडीत मी बसणार नाही. गाडी विकावी असाही विचार घरात सुरू झाला. पण जिचा दोष ठाऊक आहे आणि कारण ठाऊक नाही अशी गाडी दुसऱ्या कुणाच्या गळ्यात बांधून त्याला घाटात पाठवावे, हे मनाला पटेना.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मी त्या वेळी विद्यालयात पदार्थविज्ञान शिकवीत होतो. गेओर्ग ओहम या जर्मन गृहस्थाचा १८२७ साली प्रसिद्ध झालेला नियम मी दर वर्षी फळ्यावर लिहीत असे. हा ओहमही शाळामास्तरच होता. कोलोन येथील शाळेत शिकवीत असताना त्याने आपले प्रयोग केले. पण फळ्यावरचा तो नियम माझ्याच गाडीच्या टपाखाली लागू पडतो, ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नाही. ती शिरविली पुण्याच्या नाना पेठेतील एका वृद्ध वायरिंग मिस्त्रीने. नाना पेठ ही मोटारींच्या सुट्या भागांची मोठी बाजारपेठ. तेथे एका बोळात त्यांचे सहा फूट रुंदीचे दुकान होते. माझी सारी हकीकत त्यांनी ऐकून घेतली आणि विचारले, “गाडी आत्ता बंद आहे का?”

“नाही. आत्ता उत्तम चालते.”

“मग मास्तर, चांगली गाडी मी कशी दुरुस्त करू? बिघडलेली असताना आणा.”

मी म्हटले, “ती बिघडते रात्री, घाटात, पावसात.”

ते क्षणभर थांबून म्हणाले, “मग आपण इथंच रात्र करू.”

ही रात्र त्यांनी कशी केली ते सांगण्यापूर्वी मोटारीतील विजेची वाट कशी असते ते थोडे सांगितले पाहिजे. ती एखाद्या झाडासारखी असते. बॅटरी हे मूळ. तेथून एक जाड तार सेल्फच्या स्विचकडे जाते, आणि त्याच खिळीवरून एक मध्यम जाडीची तार पुढे नियामकाकडे व फ्यूजपेटीकडे निघते, हे खोड. फ्यूजपेटीपासून फांद्या फुटतात: एक किल्लीकडे, एक दिव्यांकडे, एक भोंग्याकडे. डायनामोत निर्माण होणारी वीज नियामकापाशी या खोडाला येऊन मिळते. परतीची वाट मात्र तारेची नसते. गाडीचा लोखंडी सांगाडा हीच सर्वांची सामाईक परतवाट. ब्रिटिश वळणाच्या गाड्यांत तारांना रंगांचा संकेत असे. तपकिरी तार म्हणजे बॅटरीशी सदैव जोडलेली, पांढरी म्हणजे किल्ली फिरविल्यावर जिवंत होणारी, हिरवी म्हणजे त्याच विजेची फ्यूजमधून गेलेली शाखा, आणि काळी म्हणजे सांगाड्याला जाणारी. वीस-बावीस वर्षांच्या तेलाधुळीने या साऱ्या रंगांचा एकच मातकट रंग होतो, हा भाग वेगळा. ओल्या फडक्याने तार पुसली की मूळ रंग बहुधा दिसतो.

झाड ध्यानात घेतले की निदानाचा पहिला प्रश्न आपोआप सुचतो: काय काय गेले? केवळ इंजिन बंद पडले आणि दिवे जळत राहिले, तर खोड निरोगी आहे. दोष किल्लीत, पांढऱ्या तारेत किंवा त्यापुढे. वायपर, इशाऱ्याचे दिवे आणि इंधनाचा काटा एवढेच एकदम गेले, तर एखादा फ्यूज किंवा त्याची पकड दोषी. परंतु सगळेच एका क्षणी गेले, तर फांद्यांना हात लावण्याचे कारणच नाही. चार फांद्या एकाच क्षणी स्वतंत्रपणे मोडत नसतात. दोष खोडात, मुळात किंवा परतवाटेत असला पाहिजे. मी बदललेली कॉइल ही एका फांदीच्या टोकाची वस्तू. ती कितीही बिघडली तरी तिच्यामुळे मोठे दिवे जाणार नाहीत. हा विचार करावयास एक पैसाही पडत नव्हता, आणि तो न करता मी कॉइल विकत घेतली.

आणखी एक खूण मी वाया घालविली होती. गाडी बंद पडली तेव्हा दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन चांगल्या वेगाने फिरत होते, म्हणजे डायनामोही वीज देत होता. अशा वेळी बॅटरीची जोडणी जरी सुटली तरी डायनामो इंजिनाला काही काळ तरी जगवितो. दिवे विझण्याऐवजी उलट भडकतात किंवा फडफडतात. आमचे दिवे भडकले नाहीत, पिवळे पडून विझले. याचा अर्थ, बॅटरी व डायनामो हे दोन्ही प्रवाह जेथे मिळतात त्या संगमाच्या पुढे, पण फांद्या फुटण्यापूर्वी, वाट तुटत होती. किंवा मग परतवाटेत काही होते. मिस्त्रींनी हे तर्काने नव्हे, अनुभवाने दोन वाक्यांत सांगितले. येथे ओघात एक इशारा देतो. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून पाहावी आणि इंजिन चालत राहिले तर डायनामो ठीक समजावा, अशी एक परीक्षा जुने लोक करीत. डायनामोच्या गाडीतही ती शहाणपणाची नव्हे. आणि ज्या गाड्यांत डायनामोऐवजी आल्टर्नेटर आहे तेथे तर बॅटरी सुटताच दाब एकदम उसळतो आणि आल्टर्नेटरमधील डायोड किंवा गाडीतील इतर नाजूक भाग जळू शकतात. ती परीक्षा कोणी करू नये.

आता रात्र कशी केली ते. त्यांनी दुपारी दोन वाजता गाडी एका बंद पत्र्याच्या छपरात उभी करविली. कॉइलची तार सोडवून ठेवली, कारण इंजिन बंद असताना किल्ली चालू ठेवली आणि आतील पॉइंट मिटलेले राहिले तर कॉइल तापून जळते. कॉइलचा भार कमी झाला म्हणून त्याऐवजी ४५ वॉटचा एक जादा दिवा जोडला. मग मोठे दिवे, लहान दिवे, वायपर, सारे चालू केले. त्याआधी तीन लहान दिवे त्यांनी पुठ्ठ्यावर ओळीने बसविले होते. पहिल्याची तार बॅटरीच्या धन टोकाला, दुसऱ्याची फ्यूजपेटीत येणाऱ्या तपकिरी तारेच्या स्क्रूला, तिसऱ्याची फ्यूजपेटीतून फांद्या जेथून निघतात त्या पट्टीला. तिघांच्या परतीच्या तारा मात्र सांगाड्याला न लावता थेट बॅटरीच्या ऋण टोकाला नेल्या. हे का, ते मला प्रथम कळले नाही. मग उमगले की गाडीचे सारे दिवे गेले आणि हे तीनही जळत राहिले, तर दोष परतवाटेत. तीनही विझले तर बॅटरीत किंवा तिच्या टोकांवर. दुसरा आणि तिसरा विझला तर बॅटरीपासून फ्यूजपेटीपर्यंतच्या तारेत. आणि केवळ तिसरा विझला तर फ्यूजपेटीच्या पोटात. दोष कोठेही असो, तो एकदा प्रकट झाला की या तीन पहारेकऱ्यांपुढून नाव न सांगता त्याला जाता येणार नव्हते.

मग आम्ही चहा मागविला आणि वाट पाहत बसलो. वीस मिनिटे झाली. मोठे दिवे पिवळे पडू लागले. मला तो वास आला, घाटातला. पंचविसाव्या मिनिटाच्या सुमारास गाडीचे सारे दिवे एकदम गेले. पुठ्ठ्यावरचे दोन दिवे जळत होते. तिसरा विझला होता.

ती फ्यूजपेटी मूळची नव्हती. आधीच्या कोणा मालकाने बाजारातून आणून बसविलेली. तिला बाहेरून काही झालेले दिसत नव्हते. स्क्रू घट्ट, तार चकचकीत. तीन महिन्यांत तीन जणांनी तो स्क्रू आवळून पाहिला होता. पण ज्या पितळी तुकड्यावर तो स्क्रू होता तो तुकडा आणि फांद्यांची पट्टी यांना जोडणारी एक रिव्हेट पेटीच्या पाठीमागे होती. पेटी सोडवून उलटी केली तेव्हा तिच्याभोवती हिरवा कळंक चढलेला दिसला, आणि सभोवारचे बेकेलाइट तपकिरी होऊन तडकले होते. इस्पितळातला वास बेकेलाइटचा होता. फिनॉलपासूनच ते बनते, आणि कार्बोलिक म्हणजेही फिनॉलच. हे सुद्धा मी मुलांना शिकवीत असे.

आता हिशेब पाहा. त्या कळकलेल्या सांध्याचा रोध अवघा एक-पंचमांश ओहम धरा. दिवसा गाडी चालते तेव्हा त्या वाटेने मुख्यतः कॉइलचा, सुमारे ३ अँपियर प्रवाह जातो. तेव्हा त्या सांध्यापाशी दाब पडतो ०.६ व्होल्ट, आणि उष्णता निर्माण होते २ वॉटहूनही कमी. कोणाच्या लक्षातही येणार नाही. रात्री मात्र दोन मोठे दिवे, मागचे-पुढचे लहान दिवे, वायपर आणि कॉइल मिळून सुमारे १५ अँपियर होतात. आता दाब पडतो ३ व्होल्ट, आणि उष्णता? ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह पाचपट, तर उष्णता पंचवीसपट: ४५ वॉट. मोटारीच्या मोठ्या दिव्याच्या एका तंतूइतकी आच, आणि ती हरभऱ्याएवढ्या एका रिव्हेटच्या अंगात. ती तापते, फुगते, तिच्याभोवतीचे बेकेलाइट तडकते, आणि ढिल्या सांध्यात केसाएवढी फट पडते. वाट तुटली. प्रवाह थांबला की दहा मिनिटांत ती थंड होते, आकसते, धातूला धातू टेकतो, आणि गाडी पुन्हा जिवंत. घाटात दिवे पिवळे का पडले, वास का आला, वायपर बंद केल्यावर भोरपर्यंत पुन्हा काही का झाले नाही, आणि कार्यशाळेत दिवसा ती नेहमी निरोगी का दिसली, या सगळ्याचे उत्तर या एका गुणाकारात होते. आमच्या उपचारांची वेळ नेहमी २ वॉटची. दोषाची वेळ ४५ वॉटची.

श्रोत्यांपैकी ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे, त्यांच्यापैकी बहुतेकांची रिव्हेट निराळ्या ठिकाणी असेल. कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला अँबॅसडर २०१४ पर्यंत तयार होत होती, आणि मुंबईच्या टॅक्सीतून पद्मिनी २०२३ मध्ये निवृत्त झाली. अशा गाड्या अजून कित्येकांनी ममतेने सांभाळल्या आहेत. फियाट वळणाच्या गाड्यांत टोकदार तोंडांचे, चिनीमातीच्या अंगाचे फ्यूज असतात. ते दोन पितळी पात्यांच्या दाबावर उभे असतात, आणि पात्यांचा ताण गेला किंवा टोक कळकले की फ्यूज शाबूत असूनही वीज जात नाही. तो जागच्या जागी बोटाने फिरविला की दिवा लागतो. असे एकदा घडले की फ्यूज नवा घालावा, पाती पॉलिशपेपरने घासावी आणि किंचित आत वाकवावी. नुसता फिरवून पुढे जाऊ नये.

परतवाटेचा दोष अधिक फसवा असतो, कारण तेथे तारच नसल्यामुळे तिकडे कोणी पाहत नाही. इंजिन रबराच्या पायांवर बसविलेले असते. त्याला सांगाड्याशी जोडणारा तांब्याचा विणलेला पट्टा तुटला किंवा इंजिन उतरविल्यानंतर लावावयाचा राहिला, तर सेल्फचा शंभर-दीडशे अँपियरचा प्रवाह परतीसाठी मिळेल ती वाट धरतो; आणि मिळेल ती वाट म्हणजे पुष्कळदा चोकची नाहीतर अ‍ॅक्सिलरेटरची केबल. सेल्फ मारताना चोकची मूठ हाताला गरम लागली तर चोकचे काही बिघडलेले नसते, पट्टा पाहावा. तसेच, ब्रेक दाबताच वळणाचा इशारा मंद होतो किंवा मागचा लहान दिवा भलताच लुकलुकू लागतो, तेव्हा त्या दिव्याच्या घराला गंज चढून त्याची परतवाट तुटलेली असते आणि वीज शेजारच्या दिव्यातून मार्ग काढीत असते. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर नवी काळी तार बसविली की ही भुताटकी थांबते.

बॅटरीच्या टोकांविषयी सर्वांना ठाऊक आहे म्हणून थोडक्यात सांगतो. पांढरा-हिरवा भुगा दिसला तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावे, शिसे घासून चमकवावे, आवळावे आणि मग वर व्हॅसलिन लावावे. आधी व्हॅसलिन लावून मग आवळणे नको. भुगा न दिसताही टोक वाईट असू शकते. त्यासाठी सेल्फ मारून झाल्यावर दोन्ही टोकांना हात लावून पाहावा. जे कोमट लागेल ते दोषी.

मीटरविषयी मात्र अधिक सांगितले पाहिजे, कारण आज ते स्वस्त झाले आहेत आणि घरोघरी आहेत. आकड्यांच्या मीटरचा स्वतःचा रोध सामान्यतः एक कोटी ओहम असतो. म्हणजे १२ व्होल्ट मोजताना तो तारेतून घेतो तो प्रवाह एका अँपियरच्या सुमारे दहा लाखाव्या भागाइतका. आता समजा, एका तारेतील सगळे पदर आवरणाच्या आत तुटले आहेत आणि एकच केसाएवढा पदर शिल्लक आहे. त्या पदरातून एवढा क्षुद्र प्रवाह सहज जातो, आणि मीटर छातीठोकपणे १२ व्होल्ट दाखवितो. तार निरोगी ठरते. तीच तार २१ वॉटच्या साध्या इशाऱ्याच्या दिव्याला जोडा. तो पावणेदोन अँपियर मागतो, आणि त्या पदराची दमछाक दिव्याच्या उजेडात दिसते. म्हणूनच त्या वृद्ध मिस्त्रीच्या पुठ्ठ्यावर मीटर नव्हते, दिवे होते. मीटर निरुपयोगी आहे असे नव्हे. तो वापरावयाचा तो सांध्याच्या दोन्ही बाजूंना टेकवून, आणि सारे दिवे चालू असताना. सांधा निरोगी असेल तर काटा जवळजवळ शून्यावर राहतो. अर्धा व्होल्ट दिसला की मी तो सांधा उघडतो. भार बंद असताना मात्र अत्यंत रोगट सांधाही शून्य दाखवितो, कारण प्रवाह नाही तेथे पडावयाला दाबही नाही. पुन्हा तीच वेळेची गोष्ट.

कोणी म्हणेल, या परीक्षेत तीन-चार तास गेले. गेले खरे. तथापि त्याआधी तीन महिने आणि पाच सुटे भाग गेले होते. त्या पाचांपैकी बॅटरी खरोखरच जुनी होती. बाकीचे चार अजूनही माळ्यावर एका खोक्यात आहेत आणि चारही उत्तम स्थितीत आहेत.

नवी पेटी बसविताना मिस्त्रींनी रिव्हेटची पेटी घेतलीच नाही. पितळेची एकसंध पट्टी, तिच्यावर नट-बोल्ट, आणि प्रत्येक तारेच्या टोकाला थिंबल दाबून वर डाख लावलेला. मोठ्या दिव्यांसाठी त्यांनी वेगळा रिले बसविला, म्हणजे दिव्यांचा प्रवाह जुन्या स्विचमधून जाण्याऐवजी बॅटरीकडून थेट जाईल आणि स्विचला रिलेपुरतेच काम राहील. सारे चालू करून मी स्वतः मीटर लावला: जेथे पूर्वी ३ व्होल्ट पडत होते तेथे ०.१ व्होल्ट. मजुरी त्यांनी मागितली ती एका कॉइलच्या किमतीहून कमी होती. तो पुठ्ठा मी मागून घेतला.

डिसेंबरात महाडला लग्न होते. आई दिवसा जाऊन दिवसाच परत येण्याच्या अटीवर तयार झाली, पण लग्नघरातून वेळेवर कोण निघाले आहे? वरंध्याशी आलो तो पुन्हा काळोख. भावाने काही न बोलता तो पुठ्ठा मांडीवर घेतला आणि निघताना जोडून ठेवलेल्या तारा नीट केल्या. मी दिवे लावले, पाऊस नसतानाही वायपर चालू केला, आणि दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढू लागलो. त्या वळणापाशी आईने पुढे वाकून पुठ्ठ्याकडे पाहिले आणि विचारले, “किती जळतायत?”

“तीन,” भाऊ म्हणाला.

भोरला पोहोचेपर्यंत तिने आणखी चारपाच वेळा विचारले, आणि प्रत्येक वेळी तेच उत्तर आले.